फोन घेताना रुंदी विचारा

मोबाइलच्या दुकानात बजेट सांगून झालं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो, ‘किती इंची दाखवू?’ बहुतेक जण म्हणतात, ‘मोठाच दाखवा.’ मग काउंटरवर एक सिक्स पॉइंट सेव्हन येतो, त्याच्या शेजारी एक सिक्स पॉइंट एट येतो, आणि किमतीत फार फरक नसेल तर दुसऱ्याचंच बिल होतं. आकडा मोठा म्हणजे स्क्रीन मोठी, स्क्रीन मोठी म्हणजे जास्त दिसणार, असा तो हिशोब. पण हा आकडा फोन हातात कसा बसेल हे सांगत नाही आणि अक्षरं किती मोठी दिसतील हेही पुरतं सांगत नाही. त्या दोन्ही गोष्टी सांगणारा आकडा खोक्यावर ठळक छापलेला नसतो आणि तो सहसा कुणी विचारतही नाही. तो म्हणजे फोनची रुंदी.

स्क्रीनचे इंच तिरके मोजतात, एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत. शाळेच्या भूमितीत ज्याला कर्ण म्हणतात तो हाच. ही पद्धत टीव्हीपासून चालत आली आणि टीव्हीला ती शोभते, कारण आता जवळजवळ सगळे टीव्ही एकाच प्रमाणाचे असतात, १६:९. त्यामुळे ४३ इंची टीव्ही ३२ इंचीपेक्षा रुंदही असतो आणि उंचही. फोनसुद्धा काही वर्षं असेच होते. मग २०१७ साली एलजीचा जी ६ हा १८:९ प्रमाणाचा फोन आला, पाठोपाठ सॅमसंगचा गॅलेक्सी एस ८ हा १८.५:९चा आला, आणि बघता बघता सगळेच फोन उभट झाले. आज बाजारात दिसणारे बहुतेक फोन २०:९च्या आसपास आहेत. स्क्रीन वाढली ती मुख्यतः उंचीत.

कागदपेन्सिल घेऊन हे करून बघण्यासारखं आहे. जुन्या १६:९ प्रमाणाच्या साडेपाच इंची स्क्रीनची रुंदी येते साधारण ६८.५ मिलिमीटर आणि उंची १२२. आजच्या २०:९ प्रमाणाच्या साडेसहा इंची स्क्रीनची रुंदी येते ६८ मिलिमीटरला किंचित कमी, आणि उंची १५०. अख्खा एक इंच वाढला, पण रुंदी वाढण्याऐवजी किंचित घटलीच. याहून नवलाची गोष्ट म्हणजे सॅमसंगचा पहिला गॅलेक्सी नोट. २०११ साली बर्लिनच्या प्रदर्शनात तो आला तेव्हा ‘एवढा मोठा फोन कानाला लावणार कोण?’ असं लोक म्हणत होते. त्याची स्क्रीन होती ५.३ इंच, पण प्रमाण १६:१०, त्यामुळे तिची रुंदी ७१ मिलिमीटर भरत होती. म्हणजे आजचा २०:९चा ६.७ इंची फोन घेतला तरी त्याची स्क्रीन त्या ५.३ इंची नोटपेक्षा अरुंदच आहे. त्या नोटचं अंग मात्र चांगलं ८३ मिलिमीटर रुंद होतं, कारण तेव्हा स्क्रीनच्या दोन्ही बाजूंना जाड कडा असत. गेल्या काही वर्षांत कंपन्यांनी या कडा घासत घासत अगदी बारीक केल्या, आणि मोठी स्क्रीन हातात मावू लागली ती त्यामुळे.

उभट स्क्रीनचा परिणाम रोजच्या वापरात कुठे दिसतो, तर व्हिडिओत. क्रिकेटची मॅच, बातम्या, यूट्यूबवरची कीर्तनं, गाण्यांच्या मैफली, हे सगळं आजही १६:९मध्येच चित्रित होतं. असा व्हिडिओ साडेसहा इंची २०:९ फोनवर आडवा लावला तर दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा मिलिमीटरच्या काळ्या पट्ट्या राहतात आणि मधलं चित्र जुन्या साडेपाच इंची फोनवर दिसायचं तेवढंच दिसतं, किंबहुना केसभर लहान. दोन बोटांनी ताणून ते पूर्ण स्क्रीनभर करता येतं, पण मग वरचा-खालचा भाग कापला जातो आणि मॅचमधला धावफलक अर्धा गायब होतो. रुंद पडद्यासाठी काढलेले चित्रपट मात्र उभट फोनवर खरोखरच मोठे दिसतात. तेव्हा ‘मॅच बघायला मोठा फोन हवा’ असं म्हणताना इंच बघून काही कळत नाही. फोन आडवा धरल्यावर त्याची उंची किती, हे बघावं लागतं, आणि ती उंची म्हणजे फोनची रुंदीच.

वाढलेली उंची वाया जाते असं मात्र नाही. मेसेज लिहिताना कीबोर्ड उघडला की स्क्रीनचा खालचा मोठा भाग तो व्यापतो. उंच फोनवर वर तीन-चार मेसेज तरी दिसत राहतात आणि आपण कशाला उत्तर देतोय हे नजरेसमोर राहतं. लांब लेख वाचताना बोट कमी फिरवावं लागतं. आणि सगळ्यात मोठा उपयोग होतो तो कागदपत्रं उघडताना. सातबाराचा उतारा, निकालपत्र, विम्याची पॉलिसी, कॉलेजच्या प्रवेशाचं परिपत्रक, ही मंडळी ए-फोर कागदासाठी मांडलेली असतात. उभा ए-फोर कागद २१० मिलिमीटर रुंद असतो. तो ६८ मिलिमीटरच्या स्क्रीनवर बसवला की एक तृतीयांश होतो आणि त्यावरचं बारा पॉइंटाचं अक्षर चार पॉइंटाचं उरतं. एवढं बारीक अक्षर तरुण डोळ्यांनाही त्रास देतं. ५.४ इंची आयफोन मिनीवर तेच अक्षर सव्वातीन पॉइंटावर येतं. म्हणजे उभ्या फोनवर दोघेही नापासच. फोन आडवा करा, आणि चित्र बदलतं: साडेसहा इंची फोनवर ते अक्षर साडेआठ पॉइंटांचं होतं, मिनीवर सातचं. साडेआठ पॉइंटांचं मराठी अक्षर चष्मा लावून वाचता येतं, सात पॉइंटांचं वाचताना कपाळाला आठ्या पडतात. ज्यांच्या घरी कॉम्प्युटर नाही आणि सगळी कागदपत्रं फोनवरच बघावी लागतात, त्यांच्यासाठी या दीड पॉइंटाला किंमत आहे.

आता हाताकडे वळू. स्टीव्हन हूबर या अमेरिकन डिझायनरने २०१३ साली एक साधं पण मोलाचं काम प्रसिद्ध केलं. रस्त्यावर, बसस्टॉपवर, गाड्यांत, हॉटेलांत लोक फोन कसा धरतात हे नुसतं बघून नोंदवायचं. अशा १३३३ नोंदी झाल्या. त्यात जे लोक स्क्रीनला हात लावत होते, त्यांच्यापैकी ४९ टक्के लोक एकाच हाताने फोन धरून त्याच अंगठ्याने वापरत होते. ३६ टक्के लोक एका हातात धरून दुसऱ्या हाताने चालवत होते, आणि १५ टक्के दोन्ही हातांनी. लोक धरण्याची पद्धत सतत बदलतात, हेही त्यांनी नोंदवलं. तेव्हाचे फोन आजच्यापेक्षा लहान होते. फोन वाढले, अंगठा तेवढाच राहिला.

अॅपललाही हे माहीत होतं. २०१२ साली आयफोन ५ आणताना त्यांनी स्क्रीन साडेतीनवरून चार इंच केली ती फक्त उंचीत, रुंदी तीच ठेवली. आणि अंगठा स्क्रीनच्या कानाकोपऱ्यात कसा सहज पोहोचतो, याची खास जाहिरात केली. दोनच वर्षांत त्यांचा साडेपाच इंची आयफोन ६ प्लस आला, आणि त्याच्याबरोबर एक सोयही आली: होमच्या बटणावर दोनदा हलकं बोट टेकवलं की वरची अर्धी स्क्रीन खाली सरकते, म्हणजे अंगठ्याला वरच्या कोपऱ्यापर्यंत ताणावं लागत नाही. ही सोय देणं म्हणजे फोन एका हाताच्या आवाक्याबाहेर गेल्याची कबुलीच होती. अँड्रॉइडमध्येही २०२१पासून एकहाती वापराची अशी सोय आहे. सेटिंगमध्ये जाऊन ती चालू करावी लागते, आणि फार थोडे लोक करतात.

हातात फोन बसतो की नाही हे ठरवणाऱ्या दोन गोष्टी आहेत, अंगाची रुंदी आणि वजन. काही ओळखीचे फोन घेऊ. २०१२चा आयफोन ५ जवळपास ५९ मिलिमीटर रुंद आणि ११२ ग्रॅमचा होता. २०२१चा आयफोन १३ मिनी ६४ मिलिमीटर आणि १४० ग्रॅम. २०२५चा गॅलेक्सी एस २५ साधारण ७०.५ मिलिमीटर आणि १६२ ग्रॅम. त्याचाच मोठा भाऊ एस २५ अल्ट्रा ७७.६ मिलिमीटर आणि २१८ ग्रॅम. शेवटच्या दोघांत रुंदीचा फरक सात मिलिमीटरचा, म्हणजे करंगळीच्या नखाएवढासुद्धा नाही. पण फोन मुठीत धरून त्याच अंगठ्याने समोरच्या कडेचं बटण दाबायचं असेल तेव्हा सात मिलिमीटर खूप असतात. अंगठा पोहोचावा म्हणून आपण नकळत फोन तळहातात सरकवतो, पकड सैल होते, आणि फोन पडतो तो पुष्कळदा असाच. माझ्या मते मध्यम हाताच्या माणसाने ७२ मिलिमीटरपर्यंतचा फोन एकहाती म्हणावा. पंचाहत्तरच्या पुढे गेलात की दुसरा हात लागणार हे धरूनच चालावं. लहान हात असलेल्या अनेक बायकांना तर सत्तरसुद्धा जड जातात. बाजारात सगळे फोन एकाच मापाचे मिळायला लागले की त्याचा त्रास आधी त्यांना होतो, आणि ही गोष्ट फारशी बोलली जात नाही. त्यांच्या कपड्यांना खिसा नसतो, असला तर एवढासा असतो, म्हणून फोन पर्समध्ये जातो आणि रिंग ऐकू येत नाही, ही तक्रारही त्यातलीच.

वजनाचंही तसंच आहे. खोक्यावर लिहिलेल्या वजनात काच आणि कव्हर धरलेलं नसतं. आपल्याकडे दुकानातून बाहेर पडण्याआधीच टेम्पर्ड ग्लास आणि जाडसर बॅक कव्हर बसवून घेतात; २०० ग्रॅमचा फोन घरी येईपर्यंत २३०-२४०चा झालेला असतो आणि रुंदीही दोन-तीन मिलिमीटर वाढलेली असते. उंच फोनचा तोल वरच्या बाजूला झुकतो. तो सावरायला आपण करंगळीचा टेकू खालून लावतो आणि तासभर झोपून व्हिडिओ बघितला की करंगळीला खळगा पडलेला दिसतो. अंगठ्याचं दुखणं जास्त गंभीर. अंगठा वर आणि बाहेर नेणाऱ्या दोन स्नायूंच्या कंडरा मनगटाजवळ एका अरुंद आवरणातून जातात. अंगठा सतत ताणला की त्या आवरणाला सूज येते आणि मूठ वळतानाही कळ येते. स्विस शल्यविशारद फ्रिट्झ द कर्वें यांनी १८९५ साली त्याचं वर्णन केलं, त्यांच्याच नावाने ते आजही ओळखलं जातं. तेव्हा मोबाइल नव्हते. हाताने एकच काम पुन्हा पुन्हा करणाऱ्यांना आणि तान्ह्या बाळाला सारखं उचलणाऱ्या आयांना ते होई, आजही होतं. अंगठा आणि मनगट दुखत असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा, आणि फोन किती वेळ, कुठल्या हाताने वापरता हेही त्यांना सांगा.

मुंबईच्या लोकलमध्ये संध्याकाळी साडेसहाला उभं राहून बघा. एक हात वरच्या कडीला, खांद्यावर बॅग, आणि जो काही फोन आहे तो उरलेल्या एका हातात. भाजीवाल्याकडे तसंच: एका हातात पिशवी, दुसऱ्या हाताने क्यूआर कोड स्कॅन करायचा, रक्कम टाकायची, पिन टाकायचा. यूपीआयने आपल्या दिवसातली एकहाती कामं पुष्कळ वाढवली आहेत. ज्याचा दिवस असा घराबाहेर, उभ्याने, प्रवासात जातो त्याला अरुंद आणि हलका फोनच सोयीचा. ऑफिसात लॅपटॉप असेल, घरी टीव्ही असेल, तर मोठ्या स्क्रीनचं काम तिथे होतं. फोनवर तीच सोय दुसऱ्यांदा घेऊन खिशात ओझं बाळगायचं कारण नाही.

पण हाताला जे बरं ते डोळ्यांना बरं असेलच असं नाही, आणि इथे मराठी वाचणाऱ्याचा प्रश्न इंग्रजी वाचणाऱ्यापेक्षा वेगळा आहे. इंग्रजी अक्षरं एका पातळीवर बसतात, काहींना थोडं वर किंवा थोडं खाली शेपूट असतं एवढंच. देवनागरी अक्षर शिरोरेषेला टांगलेलं असतं. तिच्या वर वेलांटी, मात्रा, रफार आणि अनुस्वार, खाली उकार, ऊकार, ऋकार आणि पाय मोडल्याची खूण. एका ओळीत तीन मजले. त्यामुळे फोनमध्ये अक्षराचा आकार एकच ठेवला तरी देवनागरीत मधल्या अक्षराच्या अंगाला जागा कमी मिळते, आणि वरचा-खालचा मजला एकमेकांत अडकू नये म्हणून दोन ओळींत अंतरही जास्त ठेवावं लागतं. ‘राष्ट्र’, ‘कर्तृत्व’, ‘दृष्ट्या’ हे शब्द फोनवर सगळ्यात लहान अक्षरात लिहून बघा. जोडाक्षरांच्या आत शाई साचल्यासारखी दिसते. ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’, ‘थ’ आणि ‘य’ यांच्यातला फरक एखाद्या बारीक गाठीचा असतो. ती गाठ बुजली की नाव बदलतं. आकड्यांत ‘५’ आणि ‘६’ची गल्लत होते, आणि गट नंबर किंवा खाते नंबर वाचताना अशी गल्लत महागात पडते. मुंबईचे अक्षररचनाकार र. कृ. जोशी यांनी कॉम्प्युटरच्या पडद्यासाठी ‘मंगल’ हा फाँट घडवला, पुढे एक टाइपचा ‘मुक्ता’ आला, गुगलचा ‘नोटो’ आला. या लोकांनी अक्षरांच्या आतली पोकळी मोकळी ठेवायला फार मेहनत घेतली आहे. तरी अक्षराला जागाच अपुरी मिळाली तर फाँट कितीसं करणार?

चाळिशीनंतर यात आणखी भर पडते. डोळ्यातलं भिंग हळूहळू कडक होतं, जवळच्या वस्तूवर नजर नेमकी बसत नाही, आणि माणूस फोन लांब धरायला लागतो. फोन लांब गेला की अक्षर आणखी लहान दिसतं. यावर एक उपाय म्हणजे अक्षरांचा आकार वाढवणं. अँड्रॉइडमध्ये फाँटचा आकार आणि डिस्प्लेचा आकार अशी दोन वेगळी सेटिंग्ज असतात, आणि अँड्रॉइड १४पासून अक्षर दुपटीपर्यंत मोठं करता येतं. इथे मोठ्या स्क्रीनचा खरा फायदा समोर येतो. लहान फोनवर अक्षर दीडपट केलं की एका ओळीत दोन-तीनच शब्द मावतात. आपले शब्द प्रत्यय लागून लांबतात. ‘शेतकऱ्यांसाठीच्या’ हा एकच शब्द अर्धी ओळ खातो. वाक्य वाचताना नजर सारखी डावीकडे परत आणावी लागते आणि अर्थ तुटतो. त्यातच बँकेच्या कित्येक अॅपमध्ये अक्षर वाढवलं की ‘पुढे जा’चं बटण स्क्रीनबाहेर ढकललं जातं, आणि आजोबांना वाटतं फोन अडकला. मोठ्या स्क्रीनवर तेच अक्षर, तेच सेटिंग, आणि बटण जागेवर. तेव्हा पन्नाशीच्या पुढच्या माणसाने, हात जरा अवघडला तरी, मोठी स्क्रीन घ्यावी असं माझं स्पष्ट मत आहे. मात्र त्यातला हलका फोन निवडावा, आणि तो दोन्ही हातांनी वापरायची सवय लावावी.

मोठा फोन घेताना एक गोष्ट तपासायचीच. स्वस्त फोनांत स्क्रीन मोठी देतात पण पिक्सेल वाढवत नाहीत. ६.७ इंची स्क्रीनवर ७२० बाय १६०० पिक्सेल असतील तर एका इंचात २६२ पिक्सेल येतात. १०८० बाय २४०० असतील तर ३९३. पहिल्याला एचडी प्लस म्हणतात, दुसऱ्याला फुल एचडी प्लस, आणि जाहिरातीत दोन्ही नावं सारखीच भारदस्त वाटतात. व्हिडिओत फरक चटकन कळत नाही. चांगल्या नजरेच्या माणसाला तो कळतो फोन जवळ धरून बारीक मराठी अक्षर वाचताना, रफाराच्या आणि ऋकाराच्या कडांवर. किंमत जवळपास असेल तर दोन दशांश इंच सोडा आणि फुल एचडी प्लस घ्या.

लिहिण्याचं काय? रोमन कीबोर्डच्या वरच्या ओळीत दहा बटणं असतात. आयफोन ५च्या ५० मिलिमीटर स्क्रीनवर प्रत्येकाला पाच मिलिमीटर मिळायचे, आजच्या ६८ मिलिमीटरवर पावणेसात मिळतात. अँड्रॉइडच्या डिझायनरांना गुगल सांगतं की बोटाने दाबायची जागा साधारण नऊ मिलिमीटर असावी, म्हणजे दोन्ही तोकडेच. देवनागरी कीबोर्डमध्ये अक्षरंच जास्त, त्यामुळे बटणं आणखी दाटीने बसतात, आणि जोडाक्षरासाठी पाय मोडायचं बटण वेगळं दाबावं लागतं. म्हणूनच पुष्कळ लोक मराठी मेसेज रोमन अक्षरांत लिहितात, किंवा बोलून टाइप करतात. ज्यांना देवनागरीतच लिहायचं आहे आणि रोज लिहायचं आहे त्यांना रुंद स्क्रीनचा प्रत्येक मिलिमीटर उपयोगी पडतो.

आता छोटे फोन गेले कुठे, हे सांगायला हवं, कारण निवड करायची म्हटली तरी दुकानात निवडीला जागा उरली आहे का, हा प्रश्न आहेच. सोनीने २०१८मध्ये शेवटचा कॉम्पॅक्ट फोन काढला. आसुसचा झेनफोन १० हा २०२३ साली ५.९ इंची होता. पुढच्या वर्षी त्याच मालिकेत थेट ६.७८ इंची आला. अॅपलने २०२० आणि २०२१मध्ये मिनी काढले, २०२२मध्ये त्यांच्या जागी मोठा प्लस ठेवला, आणि २०२५च्या सुरुवातीला ४.७ इंची एसई काढून घेऊन ६.१ इंची १६ई आणला. लोकांनी मागितले नाहीत म्हणून छोटे फोन गेले, असं म्हणतात. ते अर्धंच खरं आहे. पेबल घड्याळांचे संस्थापक एरिक मिगिकोव्स्की यांनी २०२२मध्ये छोट्या अँड्रॉइड फोनसाठी सह्यांची मोहीम काढली तेव्हा हजारोंनी सह्या केल्या. चाहते आहेत, पण विखुरलेले, आणि एका मॉडेलचा कारखाना चालवायला ते पुरत नाहीत.

त्यामागे एक तांत्रिक अडचणही आहे. फोन लहान केला म्हणून प्रोसेसर, मोडेम, कॅमेरा, स्पीकर, चार्जिंगचं पोर्ट हे लहान होत नाहीत. सगळी सामग्री तीच आणि घर छोटं, तेव्हा कात्री लागते ती बॅटरीला. लहान स्क्रीन वीज कमी खाते हे खरं, पण प्रोसेसर आणि मोडेम तेवढीच खातात. म्हणून आयफोन मिनीची बॅटरी संध्याकाळी धाप टाकत असे. शिवाय उष्णता पसरायला लहान अंगाला जागा कमी मिळते आणि उन्हाळ्यात फोन लवकर तापतो. गेल्या दोन वर्षांत मात्र यातून वाट निघाली आहे. सिलिकॉन-कार्बन प्रकारच्या बॅटरीत तेवढ्याच जागेत जास्त वीज साठते. २०२५ साली भारतात आलेला वनप्लस १३एस ६.३२ इंची आहे, अंगाने ७२ मिलिमीटरच्या आत आहे, आणि त्यात ५८५० एमएएचची बॅटरी आहे; विवोचा एक्स २०० एफई त्याच मापाचा. याला छोटा फोन म्हणायचं का यावर वाद होईल, पण एका हातात मावणारा आणि दिवस काढणारा फोन पुन्हा मिळू लागला आहे ही चांगली बातमी आहे. किमती मात्र पन्नास हजारांच्या आसपास आहेत. पंधरा-वीस हजारांत घ्यायला जाल तर बहुतेक ठिकाणी मोठाच फोन पुढे येईल, आणि ज्याला छोटा हवा त्याची आज खरी कोंडी तिथेच आहे. घडीचे फोन मिटल्यावर खिशात छान बसतात, पण उघडल्यावर तेही मोठेच. एकहाती वापराचा प्रश्न त्यांनी सुटत नाही.

मग कुणी काय घ्यावं? ज्याच्याकडे दुसरा मोठा पडदा आहे आणि ज्याचा दिवस बाहेर जातो, त्याने ७२ मिलिमीटरच्या आतला फोन शोधावा, थोडे पैसे जास्त गेले तरी. ज्याच्या घरी फोन हाच एकमेव कॉम्प्युटर आहे त्याने मोठा घ्यावा आणि त्यात कमीपणा मानू नये. शेतावर उभं राहून ई-पीक पाहणीत पिकाचा फोटो चढवणारा शेतकरी, फोनवरच फॉर्म भरणारी विद्यार्थिनी, २०२०च्या टाळेबंदीत एकाच फोनवर दोन-दोन मुलांची शाळा केलेली घरं, यांना मोठी स्क्रीन ही चैन नाही. शेतकऱ्याने तर इंचाच्या आधी उन्हात स्क्रीन किती स्वच्छ दिसते हे दुकानाबाहेर रस्त्यावर येऊन बघावं.

आणि आई-वडिलांसाठी फोन घेत असाल तर घरबसल्या ऑर्डर करून त्यांच्या हातात खोकं ठेवू नका. त्यांना दुकानात घेऊन जा. डेमोचा फोन कव्हर घालून त्यांच्या हातात द्या, अक्षरांचा आकार त्यांच्या नजरेला जमेल तेवढा वाढवा, एक मराठी मेसेज वाचायला सांगा, एक लिहायला सांगा आणि वरून बोट फिरवून नोटिफिकेशन उघडायला सांगा. यातलं काही अवघड गेलं तर दुकानदाराला दुसरा फोन काढायला सांगा.